सी ड्राइव्हची परमिशन बदलली आणि कॉम्प्युटर उघडेना: फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

एप्रिल महिना, देवगडात आंब्याच्या पेट्या भरायची घाई ऐन भरात. अशात एका बागायतदार काकांचा फोन आला. "रे, कॉम्प्युटर चालूच होणा नाय. आंब्याचो हिशोब सगळो त्यात आसा." गिऱ्हाइकांचे पत्ते, कुणाला किती डझनाच्या किती पेट्या पाठवल्या, कुणाचे पैसे यायचे आहेत, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. तालुक्याला एका दुकानात दाखवलं तर "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागेल, आतलं काही मिळणार नाही" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

मी गेलो तेव्हा मशीन सुरू होत होतं, विंडोजचा लोगोही येत होता. खाली ठिपके गोल फिरायचे आणि मग नुसता काळा पडदा. "शेवटचं काय केलं होतं?" असं विचारल्यावर पुतण्या पुढे आला. पॅकिंगला आलेली पोरं कॉम्प्युटरवर गेम खेळतात, हिशोबाला कुणाचा हात लागू नये म्हणून त्यानं सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या टॅबवर गेला, 'एव्हरीवन' हे नाव घातलं आणि 'डिनाय'च्या रकान्यात फुल कंट्रोलला टिक मारली. विंडोजनं पिवळ्या त्रिकोणासह सूचना दाखवली होती, की डिनायची नोंद अलाऊच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते, पुढे जायचं का? त्यानं 'येस' दाबलं. मग पेजफाइलवर (विंडोजची मेमरीच्या मदतीला असणारी स्वतःची फाइल) परमिशन लावता येत नाही अशी एरर आली, तिथं 'कंटिन्यू' दाबलं. आणखी एक एरर, पुन्हा कंटिन्यू.

त्या पोराचा हेतू चांगला होता. 'एव्हरीवन' म्हणजे आपल्याशिवाय बाकीचे, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्यात तो स्वतः आला, काका आले आणि खुद्द विंडोजही आलं.

त्या एक्सेल फाइलचा एक बाइटही हलला नव्हता. दाराला आतून कडी लागली होती, घर जागच्या जागी होतं. म्हणून कळकळीनं सांगतो, परमिशन बदलल्यामुळे बंद पडलेलं मशीन कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. निदान डेटा बाहेर काढल्याशिवाय तरी नाहीच.

आत नेमकं काय बिघडतं

विंडोजचा ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीनं मांडलेला असतो. ही पद्धत १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. तिच्यात प्रत्येक फाइल आणि फोल्डरला एक यादी चिकटलेली असते, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणाला मज्जाव. या यादीत माणसांच्या खात्यांबरोबर 'सिस्टम' नावाचं एक खातंही असतं. त्या नावानं कुणी लॉगिन करत नाही, पण विंडोजची पडद्यामागची बहुतेक कामं त्याच खात्यावर चालतात. व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी 'ट्रस्टेड-इन्स्टॉलर' नावाच्या आणखी एका खात्याकडे असते.

मशीन सुरू होताना पहिले काही क्षण या याद्या कुणी पाहतच नाही. सुरुवातीची फाइल ज्या छोट्या पार्टिशनवर (ड्राइव्हच्या वेगळ्या भागावर) असते ते नव्या मशीनमध्ये फॅट ३२ या साध्या पद्धतीचं असतं, तिथं परमिशन हा प्रकारच नाही. पुढे विंडोजचा गाभा मेमरीत आणणारा लोडरही यादी न तपासता फाइल उचलतो. म्हणून लोगो दिसतो. गाभा जागा झाला की मात्र प्रत्येक फाइल मागताना यादी तपासली जाते. तिथं 'सिस्टम'लाच मज्जाव असेल तर गाडी अडकते. कधी काळा पडदा आणि नुसता कर्सर, कधी निळ्या पडद्यावर शून्य-एक्स-सी-शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-२-२ हा कोड, म्हणजे 'ॲक्सेस डिनाइड'. सेफ मोडमध्येही हेच होतं, कारण सेफ मोडलासुद्धा 'सिस्टम' खातं लागतंच.

लोगोपर्यंतही मशीन जात नसेल, नुसते बीप येत असतील किंवा पंखा फिरून थांबत असेल, तर दोष परमिशनचा नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेनं रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळवंडतात. पट्टी काढून शाळेतल्या साध्या खोडरबरानं ते हलकेच पुसा, परत बसवा आणि मग पुढचा विचार करा.

हात घालण्याआधी

पहिली गोष्ट लाईटची. मेमध्ये वळवाचा पाऊस आला की लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि परमिशन लिहिली जात असताना मधेच मशीन बंद पडलं तर अर्ध्या फाइली एका अवस्थेत आणि अर्ध्या दुसऱ्या, असा गुंता होतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. लाईट गेल्यावर कित्येक इन्व्हर्टर इतका वेळ घेऊन बदलतात की तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मालकाच्या नकळत ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्याच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या माहितीत ती सापडते. मोबाइलवरून लॉगिन करून आधीच कागदावर उतरवून घ्या. पडद्यावर कीचा आयडी दिसतो, त्याची पहिली ८ अक्षरं वेबसाइटवरच्या आयडीशी जुळतात का ते पाहा. ही की नसेल तर पुढचं काहीच होणार नाही, म्हणून हे सगळ्यात आधी.

तिसरी गोष्ट, दोन पेनड्राइव्ह. एक निदान ८ जीबीचा, विंडोजच्या इन्स्टॉलेशनसाठी. दुसरा डेटा काढायला, हिशोब आणि फोटो मावतील एवढा मोठा. हा दुसरा फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, तेव्हा तो दुसऱ्या मशीनवर आधीच एक्सफॅट करून ठेवा.

इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं बनतो. डाउनलोड काही जीबींचं असतं. सड्यावर जाऊन मोबाइलच्या रेंजवर ते करत बसण्यापेक्षा, फायबरचं कनेक्शन असलेल्या कुणाच्या घरी किंवा होमस्टेवर तासभर बसणं परवडतं.

कमांड प्रॉम्प्टपर्यंत पोचणं

पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर असं करा. मशीन सुरू करा, लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्ये जातं. तिथून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट.

माझा कल मात्र पेनड्राइव्हकडेच असतो. या बिघाडात ड्राइव्हवरचं रिपेअर कधी कधी ॲडमिन खात्याचा पासवर्ड मागतं आणि वर असं एकही खातं सापडत नाही म्हणून सांगतं. पेनड्राइव्हवरून गेलात तर हा प्रश्नच येत नाही. सुरू होताना बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायचं बटण दाबा. डेल, लेनोव्हो आणि एसरला बहुतेक वेळा एफ १२, एचपीला एफ ९. पेनड्राइव्ह निवडा. भाषा निवडायचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन हे बटणही दाबावं लागतं. 'इन्स्टॉल'च्या बटणाला हात लावू नका.

यापुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. मुख्य कमांडचं स्पेलिंग आय-सी-ए-सी-एल-एस. मी तिला आयकॅकल्स म्हणतो.

आधी अक्षर ओळखा. इथं सी ड्राइव्ह सीच असेल असं नाही. दुरुस्तीच्या वातावरणात अक्षरं इकडची तिकडे होतात, आणि चुकीच्या ड्राइव्हवर परमिशन लिहिली तर एकाचे दोन बिघाड होतात.

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

या यादीत आकारावरून अंदाज येतो. खात्री करायला डीआयआर, स्पेस, डी, कोलन, बॅकस्लॅश असं टाईप करा. विंडोज, यूजर्स आणि प्रोग्राम फाइल्स ही फोल्डरं दिसली तर तोच तुमचा ड्राइव्ह. 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं तरी बहुधा तोच, कारण कडी तिथंच लागलीय. पुढे मी डी धरून चालतोय, तुमचं अक्षर वेगळं असेल तर ते घाला.

आधी डेटा बाहेर

लोक इथं घाई करतात. परमिशन दुरुस्त झाली की डेटा मिळेलच, मग आधी कशाला काढायचा, असं वाटतं. पण दुरुस्तीत हात चुकू शकतो, आणि हातात कॉपी असली की मन शांत राहतं.

साध्या कॉपी कमांडला इथं मज्जाव होईल. रोबोकॉपीला मात्र बॅकअप मोड आहे. त्या मोडमध्ये ती परमिशनची यादी ओलांडून वाचते, कारण बॅकअप घेणाऱ्याला तसा अधिकार विंडोजनंच ठेवलाय. डेटाचा पेनड्राइव्ह एफ धरला तर कमांड अशी:

रोबोकॉपी डी:\यूजर्स एफ:\बॅकअप /ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

यातला /ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, /बी म्हणजे बॅकअप मोड. /एक्सजे विसरू नका. यूजर्सच्या आत काही फोल्डरं नुसत्या पाट्या असतात, खरं फोल्डर दुसरीकडेच असतं. त्या पाट्यांमागे गेलात तर कॉपी गोल गोल फिरत राहते. शेवटचे दोन म्हणजे एखादी फाइल अडली तर एकदाच पुन्हा प्रयत्न करायचा आणि एकच सेकंद थांबायचं. ते लिहिले नाहीत तर एका खराब फाइलपाशी रात्र उलटून जाईल.

फाइली नेमक्या कुठं आहेत ते आठवत नसेल तर त्याच काळ्या खिडकीत नोटपॅड असं टाईप करा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. तीच तुमची एक्सप्लोररची खिडकी झाली. काकांची फाइल डेस्कटॉपवर नव्हती, डाउनलोड्समध्ये पडलेली होती, ती मला अशीच सापडली. फोल्डरला मज्जाव असेल तर नोटपॅडलाही तो असतोच. अशा वेळी आधी पुढची दुरुस्ती करून मग इथं परत यायचं.

उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालवता येतं असा, असेल तर तोही उत्तम. लिनक्स साधारणपणे विंडोजच्या या याद्या मानत नाही, फोल्डर उघडून सरळ कॉपी करता येतं. बिटलॉकर लागलेला असेल तर मात्र तिथंही की लागते.

यादी वाचा, मग नको ती नोंद काढा

आयकॅकल्स डी:\

एवढंच टाईप केलं की ड्राइव्हच्या मुळाशी असलेली यादी समोर येते. नीट वाचा, कारण सगळं निदान इथंच आहे. एव्हरीवनच्या पुढे कंसात एन दिसला तर त्याचा अर्थ 'काहीच परवानगी नाही', म्हणजे डिनायमध्ये फुल कंट्रोल. ठरावीक हक्कच नाकारले असतील तर डिनाय हा शब्दच दिसतो. काही वेळा डिनाय कुठंच नसतं, पण यादीतून 'सिस्टम' हे नावच कुणीतरी रिमूव्ह केलेलं असतं. दोन्हींचा परिणाम एकच, इलाज मात्र वेगळा.

डिनाय असेल तर:

आयकॅकल्स डी:\ /रिमूव्ह:डी एव्हरीवन

इथला डी म्हणजे डिनाय. फक्त मज्जावाची नोंद निघते, बाकी यादीला धक्का लागत नाही. वरून खाली उतरलेल्या नोंदी काढत ही कमांड आतल्या फोल्डरांपर्यंत जाते, त्यामुळे वेळ लागला तरी खिडकी बंद करू नका. पुन्हा 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं तर आधी मालकी घ्या:

आयकॅकल्स डी:\ /सेटओनर ॲडमिनिस्ट्रेटर्स

आणि मग वरची कमांड पुन्हा द्या. मालकाला यादी बदलायचा हक्क कायम असतो, तो डिनायनंही जात नाही.

आता हरवलेली नावं परत बसवायची. डिनायची नोंदच काढली असेल तरीही हे करा, आधीच्या गडबडीत कोणतं नाव निघालं ते सांगता येत नाही.

आयकॅकल्स डी:\ /ग्रँट सिस्टम:(ओआय)(सीआय)एफ
आयकॅकल्स डी:\ /ग्रँट ॲडमिनिस्ट्रेटर्स:(ओआय)(सीआय)एफ
आयकॅकल्स डी:\ /ग्रँट यूजर्स:(ओआय)(सीआय)आरएक्स

पहिल्या दोघांना पूर्ण हक्क, साध्या वापरणाऱ्यांना वाचण्याचा आणि चालवण्याचा. विंडोज १० आणि ११ च्या कोऱ्या ड्राइव्हच्या मुळाशीही हेच असतं. कंसातली अक्षरं सांगतात की ही परवानगी आतल्या फाइलींना आणि फोल्डरांनाही लागू.

खिडकी बंद करा, पेनड्राइव्ह काढा, मशीन सुरू करा. काकांचं मशीन इथंच उठलं. लॉगिनचा पडदा दिसला तसं काकींनी देव्हाऱ्यापुढे उभं राहून हात जोडले.

जे करू नका

इंटरनेटवर याच बिघाडासाठी एक सोपी कमांड सगळीकडे सापडते, आयकॅकल्सला /रीसेट आणि /टी लावून सगळा ड्राइव्ह एका फटक्यात 'मूळ' करायचा. ती सी ड्राइव्हवर कधीही चालवू नका. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांची यादी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, ती वरून खाली आलेली नसते. रीसेटनं ती वेगळी यादी पुसली जाते आणि मुळाची यादी तिथं येऊन बसते. मशीन कदाचित सुरू होईल, पण आतली घडी कायमची विस्कटेल.

रिमूव्हच्या कमांडलाही सगळ्या ड्राइव्हवर /टी लावू नका. यूजर्समधल्या ज्या पाट्या वर सांगितल्या, त्यांच्यावर एव्हरीवनसाठी डिनाय विंडोजनं स्वतः ठेवलेलं असतं, कुणी त्यांच्या आत शिरू नये म्हणून. ते निघालं तर पुढे प्रत्येक बॅकअप गोल फिरेल. लावायचाच झाला तर डी:\विंडोज या एका फोल्डरपुरता लावा.

बूटरेक आणि स्टार्टअप रिपेअर यांत वेळ घालवू नका. ते बूटच्या फाइली दुरुस्त करतात, आणि तुमच्या बूटच्या फाइली ठणठणीत आहेत. सेकएडिट नावाची कमांड वापरून डिफॉल्ट सिक्युरिटी आणायची जुनी युक्ती एक्सपीच्या काळातली, आताच्या विंडोजमध्ये तिनं सगळ्या परमिशन परत येत नाहीत.

उठलं, पण बरोबर चालत नाही

लॉगिन झालं आणि सगळं ठीक दिसलं, तर आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि उरलेलं पुरं करा. आता ड्राइव्हचं अक्षर सीच असेल.

आयकॅकल्स सी:\ /ग्रँट "ऑथेंटिकेटेड यूजर्स":(ओआय)(सीआय)(आयओ)एम
आयकॅकल्स सी:\ /ग्रँट "ऑथेंटिकेटेड यूजर्स":(एडी)
आयकॅकल्स सी:\ /सेटओनर "एनटी सर्व्हिस\ट्रस्टेड-इन्स्टॉलर"

ट्रस्टेड-इन्स्टॉलर टाईप करताना मधे रेघ किंवा जागा सोडायची नाही. मधे मालकी घेतली नसेल तर तिसरी कमांड लागणार नाही.

परमिशन बदलताना कुणी ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'आतल्या सगळ्यांच्या परमिशन बदला' या अर्थाच्या चौकोनात टिक मारली असेल, तर जखम खोल असते. मशीन उठतं, पण स्टार्ट मेनू उघडत नाही, स्टोअरमधली ॲप्स लगेच मिटतात, अपडेट अडतं. हजारो फाइलींच्या वेगवेगळ्या याद्या हातानं परत लिहिणं शक्य नाही. त्यावर उपाय विंडोजवरच विंडोज बसवण्याचा. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह चालू विंडोजमध्ये लावा, त्यातलं सेटअप डबल क्लिक करा, आणि फाइली व ॲप्स दोन्ही ठेवायचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून बूट न करता हे करायचं, तरच तो पर्याय मिळतो. टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टायपिंग, सगळं जागेवर राहतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतही अशी पुन्हा बसवायची सोय आहे.

मशीन उठलंच नाही तर सिस्टम रिस्टोअरचा जुना पॉइंट असेल तर तो वापरून पाहा. त्यानंतर 'रीसेट धिस पीसी'मधला फाइली ठेवण्याचा पर्याय, त्यात सॉफ्टवेअर मात्र सगळी जातात. हे दोन्हीही अडलं तर नव्यानं इन्स्टॉल. डेटा तुम्ही आधीच काढलेला असल्यामुळे तेव्हा रडायची वेळ येणार नाही.

पुतण्याला हवं होतं ते कसं करायचं

पोरांचा हात हिशोबाला लागू नये ही गरज खरी आहे, आणि तिच्यासाठी ड्राइव्हला हात लावायची गरजच नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन पॅकिंगच्या पोरांसाठी वेगळं खातं काढा, प्रकार 'स्टँडर्ड'. काकांच्या खात्याला पासवर्ड घाला आणि हिशोबाची फाइल त्यांच्याच डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्याचं डॉक्युमेंट्स मुळातच उघडता येत नाही. एखादं फोल्डर सगळ्यांनी वाचावं पण बदलू नये असं असेल, तर त्या एका फोल्डरच्या सिक्युरिटीत अलाऊच्या टिका कमी करा. डिनायला हात लावू नका. डाटा वेगळ्या ड्राइव्हवर असेल तरी हाच नियम.

काकांच्या मशीनवर मी दोन खाती करून दिली, एक त्यांचं आणि एक 'पॅकिंग' नावाचं. हिशोबाची कॉपी दर रविवारी पेनड्राइव्हवर घ्यायचं काम पुतण्याकडे दिलंय, आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या खणात न ठेवता माजघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ठेवतो.